अंतर्भूत भाषेतील त्रुटी आणि तिचा माग : लुआ भाषेचे उदाहरण

एखाद्या मोठ्या प्रोग्रामच्या पोटात दुसरी एक लहान भाषा ठेवण्याची पद्धत संगणकशास्त्रात आता चांगलीच रूढ झाली आहे. बाहेरचा प्रोग्राम बहुधा सी किंवा सी-प्लस-प्लस या भाषेत लिहिलेला असतो. तो वेगवान असतो, पण त्यात बदल करणे अवघड असते. आतल्या भाषेत लिहिलेल्या छोट्या आज्ञावल्या, ज्यांना व्यवहारात स्क्रिप्ट म्हणतात, त्या मात्र वापरणाऱ्याने स्वतः लिहाव्यात, चुकल्यास दुरुस्त कराव्यात आणि पुन्हा चालवून पाहाव्यात अशी अपेक्षा असते. बाहेरच्या प्रोग्रामला प्रस्तुत विवेचनात यजमान म्हटले आहे. हे नाव नुसते सोयीचे नाही. संबंध खरोखरच तसा आहे. पाहुण्याच्या चुकीने घर कोसळता कामा नये, ही यजमानाची पहिली चिंता असते. परंतु पाहुण्याचे काय चुकले हे त्याला समजावून सांगण्याचे कामही यजमानावरच येऊन पडते, आणि या दुसऱ्या कामाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते.

दुर्लक्षाचे कारण केवळ आळस नव्हे. अंतर्भूत भाषेच्या रचनेतच एक पेच आहे. त्रुटीविषयीची माहिती ज्या ठिकाणी असते, त्या ठिकाणी तिच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार नसतो. आणि अधिकार ज्या ठिकाणी असतो, तेथपर्यंत त्रुटी पोचते तोवर माहिती नष्ट झालेली असते. हा पेच लुआ या भाषेत कसा उत्पन्न होतो, भाषेच्या कर्त्यांनी तो कोणत्या युक्त्यांनी सोडविला आहे, आणि कोणता भाग न सोडविता यजमानाच्या पदरात टाकला आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

लुआ ही भाषा १९९३ साली ब्राझीलमध्ये जन्मली. रिओ दि जानेरो येथील पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठातील टेकग्राफ या संशोधनगटात रोबेर्तो येरुसालिम्स्की, लुईस एन्रिके दे फिगेइरेदो व वाल्देमार सेलेस या तिघांनी ती रचली. पेत्रोब्रास या तेलकंपनीसाठी गटाने पूर्वी डेल व सोल अशा दोन छोट्या भाषा तयार केल्या होत्या. त्यांच्या जागी एकच समर्थ भाषा हवी म्हणून लुआ आली. पोर्तुगीजमध्ये सोल म्हणजे सूर्य, म्हणून हिचे नाव लुआ, अर्थात चंद्र. वापरणारे लोक अभियंते होते, व्यवसायाने प्रोग्रामर नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे हीच भाषा संगणकीय खेळांत, छायाचित्रे हाताळणाऱ्या लाइटरूममध्ये, जाळ्यांची तपासणी करणाऱ्या एनमॅपमध्ये, आणि २०१३ पासून विकिपीडियाच्या साच्यांमागेही आली. मराठी विकिपीडियावरील ‘विभाग’ या नावाने ओळखली जाणारी पाने लुआमध्येच लिहिलेली असतात. या सर्व ठिकाणी स्क्रिप्ट लिहिणारा निराळा आणि यजमान लिहिणारा निराळा असतो. बहुधा त्यांची एकमेकांशी ओळखही नसते.

विवेचनापूर्वी तीन शब्द वेगळे केले पाहिजेत. लिहिणाऱ्याच्या हातून आज्ञावलीत जे चुकीचे राहून जाते, तो दोष. चालू असताना यंत्राला पुढे जाता येत नाही व ते तसे जाहीर करते, ती त्रुटी. आणि आज्ञावली अगदी बिनचूक असूनही बाहेरच्या परिस्थितीमुळे काम होत नाही, ते अपयश. हवी ती फाइल सापडली नाही हे अपयश आहे. संख्येच्या जागी रिकामे मूल्य आले असता त्यात पाच मिळविण्याचा प्रयत्न, ही त्रुटी आहे. दोष तिच्या मागे कोठेतरी, कदाचित शंभर ओळी आधी, दडलेला असतो.

लुआने अपयश व त्रुटी यांचे मार्ग प्रथमपासून वेगळे ठेवले आहेत. फाइल उघडणारे फंक्शन अपयशी झाले तर ते कोणतीही आरोळी ठोकीत नाही. ‘नील’ हे रिकामेपणाचे मूल्य, त्याबरोबर कारण सांगणारे वाक्य आणि कार्यप्रणालीचा त्रुटिक्रमांक अशी तीन मूल्ये परत देते. घेणाऱ्याने ती पाहावीत व काय ते ठरवावे. याउलट गणितातील ज्या फंक्शनला संख्या हवी त्याला नील दिले, तर ते काही परत देण्याच्या भानगडीत न पडता त्रुटी उभी करते, कारण तेथे आज्ञावलीच चुकलेली आहे. या दोहोंमध्ये ‘असर्ट’ हे फंक्शन पुलासारखे आहे. पहिले मूल्य नील किंवा असत्य आले, तर दुसऱ्या मूल्यातील वाक्य घेऊन असर्ट त्रुटी उभी करते. म्हणजे ‘या ठिकाणी अपयश आले तर मला पुढे जावयाचे नाही’ असे लिहिणारा एका शब्दात सांगू शकतो. ही सोय मोहक आहे. तथापि असर्ट त्या वाक्याला ओळीचा क्रमांक जोडीत नाही, त्यामुळे ‘अशी फाइल नाही’ एवढाच निरोप यजमानापाशी पोचतो आणि कोणत्या स्क्रिप्टच्या कोणत्या ओळीने ती मागितली हे गुलदस्तात राहते.

आता त्रुटी उभी राहिल्यावर काय घडते ते पाहू जाता, पहिली गोष्ट अशी की लुआमध्ये त्रुटी पकडण्यासाठी वेगळे व्याकरण नाही. अन्य भाषांत ‘प्रयत्न करा’ आणि ‘पकडा’ अशा अर्थाची खास वाक्यरचना असते. येथे केवळ एक फंक्शन आहे. त्याचे नाव पीकॉल, म्हणजे संरक्षित आवाहन. जे फंक्शन चालवावयाचे ते पीकॉलच्या हाती द्यावे. सुखरूप पार पडले तर ‘सत्य’ आणि मिळालेली मूल्ये परत येतात. न पडले तर ‘असत्य’ आणि त्रुटीचे मूल्य. हे मूल्य वाक्यच असले पाहिजे असेही नाही. ते कोष्टक असू शकते, आणि मोठ्या आज्ञावलीत ते कोष्टकच असावे हे बरे. वाक्याचे तुकडे पाडून त्रुटीचा प्रकार ओळखण्याची सवय पुढे फार महाग पडते.

लुआ स्वतः सी भाषेत लिहिलेली आहे, आणि सी भाषेत त्रुटी वर फेकण्याची अशी यंत्रणा नाही. म्हणून पीकॉल सीमधील सेटजंप व लाँगजंप या जोडीचा उपयोग करते. पीकॉल सुरू होताना सेटजंप एक खुंटी ठोकते. त्रुटी उभी राहिली की लाँगजंप थेट त्या खुंटीपाशी उडी मारते, आणि मधली सर्व फंक्शने जणू कधी बोलावलीच नव्हती अशी नाहीशी होतात. सी-प्लस-प्लसचा अनुवादक वापरून लुआ बांधली तर याच कामासाठी त्या भाषेतील अपवादयंत्रणा योजली जाते. हा फरक वरवर किरकोळ दिसतो. पण साध्या लाँगजंपने उडी घेतली असता सी-प्लस-प्लसमधील वस्तूंची आवरासावर करणारी फंक्शने चालतीलच अशी शाश्वती नसते. सीमध्ये तर ती मुळात नसतातच. यजमानाच्या एखाद्या फंक्शनने मॅलॉकने मेमरी मागून घेतली, आणि ती परत करण्यापूर्वी लुआच्या ज्या सेवेला बोलावले तिनेच त्रुटी उभी केली, तर ती मेमरी कायमची हातची जाते. खेळ तासाभरात बंद होतो, तेथे हे खपून जाते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सेवायंत्रावर ते खपत नाही. म्हणून अनुभवी लोक अशी मेमरी लुआकडूनच यूजरडेटा या रूपात मागून घेतात, म्हणजे कचरा वेचणारी यंत्रणा तिची विल्हेवाट लावते. २०२० साली आलेल्या ५.४ या आवृत्तीत स्थानिक चलाला ‘क्लोज’ अशी खूण जोडण्याची सोय झाली. ते चल व्याप्तीबाहेर पडताच, मग ते सरळ वाटेने पडो वा त्रुटीमुळे पडो, त्याची समाप्तिक्रिया घडते. ही सोय सत्तावीस वर्षांनी आली हे नमूद करण्यासारखे आहे.

खुंटी कोठेच ठोकलेली नसेल तर? तर लुआ यजमानाने नेमून दिलेले ‘पॅनिक’ फंक्शन चालविते, आणि ते परत आले तर संपूर्ण प्रोग्राम तेथेच थांबविते. नवशिक्या यजमानकर्त्यांचा येथे हमखास घात होतो. स्क्रिप्ट चालविण्याचे आवाहन ते संरक्षित करतात. पण त्याआधी स्वतः सीमधून लुआची कोष्टके भरतात, वाक्ये निर्माण करतात, आणि या साध्या दिसणाऱ्या क्रियासुद्धा मेमरी संपल्यास त्रुटी उभी करू शकतात हे विसरतात.

मेमरी संपण्याची त्रुटी सर्वांत विलक्षण होय. ‘मेमरी पुरेशी नाही’ हे वाक्य तयार करावयालाही मेमरी लागते! म्हणून लुआचे यंत्र सुरू होते त्याच क्षणी ते वाक्य आधीच बनवून जपून ठेवले जाते. या त्रुटीसाठी निरोपहस्तक बोलाविला जात नाही, कारण बोलाविण्यालाही मेमरी लागू शकते. स्टॅक भरून वाहण्याच्या त्रुटीतही असाच विचार आढळतो. स्टॅकच्या मर्यादेपलीकडे थोडी जागा राखून ठेवलेली असते, ती केवळ त्रुटीचा निरोप तयार करण्यापुरती.

निरोपहस्तक हा शब्द वर आला. विषयाचा गाभा तेथेच आहे. पीकॉल परत येते तेव्हा स्टॅक उलगडून गेलेला असतो. कोणत्या फंक्शनने कोणाला बोलाविले, त्या वेळी स्थानिक चलांत, म्हणजे व्हेरिएबल्समध्ये, कोणती मूल्ये होती, हे सारे त्या स्टॅकवर असते. उडी घेताना ते मागे राहते आणि पुसले जाते. यजमानाच्या हाती उरते ते केवळ एक वाक्य. सी भाषेत प्रोग्राम कोसळला तर निदान मेमरीचे प्रेत तरी तपासावयाला मिळते. येथे यजमान जिवंत राहतो, आणि नेमक्या त्याच कारणाने प्रेत नाहीसे होते. संरक्षण आणि अन्वेषण यांचा हा विरोध आहे.

लुआचे उत्तर साधे आणि चतुर आहे. एक्सपीकॉल हे पीकॉलचे भावंड आणखी एक फंक्शन मागते : निरोपहस्तक. त्रुटी उभी राहिली की उडी घेण्यापूर्वी, स्टॅक अद्याप शाबूत असताना, त्रुटीच्या जागेवरच हे फंक्शन चालते. पंचनामा आधी, मग जागा मोकळी. पंचनाम्याचे रूढ साधन म्हणजे डीबग लायब्ररीतील ट्रेसबॅक. ते स्टॅकवरील एकेक आवाहन ओळीच्या क्रमांकासह लिहून काढते. परंतु हस्तक तेवढ्यावरच थांबला पाहिजे असे नाही. तो स्थानिक चलांची मूल्ये वाचू शकतो, यजमानाच्या नोंदवहीत ती टिपू शकतो, त्रुटीच्या वाक्याऐवजी पूर्ण कोष्टक बनवून वर पाठवू शकतो. एक्सपीकॉल उपलब्ध असताना यजमानाने नुसत्या पीकॉलवर समाधान मानणे हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर अन्याय करण्यासारखे आहे, आणि तरीही नित्य आढळते ते तेच.

येथे दोन बारकावे आहेत. पहिला शेपूट-आवाहनाचा. फंक्शनची शेवटची क्रिया दुसऱ्या फंक्शनला बोलावून त्याचेच उत्तर परत करणे ही असेल, तर लुआ पहिल्या फंक्शनची जागा दुसऱ्याला देऊन टाकते. त्यामुळे अशी आवाहने कितीही खोल गेली तरी स्टॅक वाढत नाही. पण पंचनाम्यात पहिल्या फंक्शनचा मागमूस राहत नाही, ‘येथे शेपूट-आवाहने झाली’ एवढीच खूण उमटते. आटोपशीरपणाची किंमत अशी मागच्या दाराने वसूल होते. दुसरा बारकावा अधिक उपयोगाचा आहे. लुआमध्ये कोरूटीन नावाची सोय आहे; तीत प्रत्येक कार्यधारेला तिचा स्वतःचा स्टॅक असतो. कोरूटीनमध्ये त्रुटी उभी राहिली तर ती बाहेर झेपावत नाही. ज्याने कोरूटीन चालू केले त्याला असत्य व त्रुटीचे मूल्य मिळते, आणि कोरूटीनचा स्टॅक न उलगडता तसाच राहतो. प्रेत या ठिकाणी मिळते. घटना घडून गेल्यावर, सवडीने, ट्रेसबॅकला ते कोरूटीन दाखवावे आणि संपूर्ण वृत्तांत काढून घ्यावा. म्हणूनच प्रत्येक स्क्रिप्ट स्वतंत्र कोरूटीनमध्ये चालविणे यजमानाला सोयीचे पडते. अर्थात स्क्रिप्टने आतल्या आत स्वतःच पीकॉल वापरून त्रुटी गिळली, तर याचा उपयोग नाही. जुन्या ५.१ आवृत्तीत पीकॉलच्या आतून कोरूटीनला विराम घेता येत नसे, ही अडचण २०११ च्या ५.२ आवृत्तीत दूर झाली.

ट्रेसबॅकपेक्षाही लेखकाच्या अधिक कामाला येतो तो त्रुटीचा पहिला निरोप. समजा, स्क्रिप्टमध्ये ‘खाते’ या कोष्टकातील ‘पत्ता’ आणि त्यातील ‘शहर’ मागितले आहे, आणि पत्ता भरलेलाच नाही. (नावे सोयीसाठी मराठीत घेतली आहेत, लुआमध्ये ती रोमन अक्षरांतच लिहावी लागतात.) तर लुआ केवळ ‘नील मूल्यातून घटक काढण्याचा प्रयत्न झाला’ असे म्हणून थांबत नाही, ‘पत्ता हा घटक नील आहे’ असेही सांगते. हे नाव तिला कोठून कळले? २००३ च्या ५.० आवृत्तीपासून लुआचे आभासी यंत्र रजिस्टरांवर चालते. जी आज्ञा अडली तिला फक्त एवढेच ठाऊक असते की अमुक क्रमांकाच्या रजिस्टरमधील मूल्य नील आहे. नावे जवळ बाळगून चालावे तर प्रत्येक आज्ञेचा वेग घटेल. म्हणून नाव शोधण्याचे काम त्रुटी घडेपर्यंत केलेच जात नाही. त्रुटी घडली की यंत्र त्या फंक्शनच्या आज्ञा पहिल्यापासून अडलेल्या जागेपर्यंत वाचून पाहते, ते रजिस्टर शेवटी कोणत्या आज्ञेने भरले ते शोधते, आणि त्या आज्ञेवरून मूल्य स्थानिक चलातून आले, जागतिक चलातून आले, की कोष्टकाच्या घटकातून आले, हे अनुमानाने ठरविते. ज्या शोधाची गरज लाखातून एकदा पडते त्याचा खर्च त्या एका वेळीच करावा, हे येथील सूत्र आहे. मधे सशर्त उडी असेल, म्हणजे ‘पत्ता असेल तर तो, नसेल तर जुना पत्ता’ अशा पद्धतीने मूल्य निवडले असेल, तर खात्री देता येत नाही. अशा वेळी यंत्र नाव सांगण्याचे टाळते. चुकीचे नाव सांगण्यापेक्षा गप्प राहणे पत्करले आहे, आणि हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

ओळींच्या क्रमांकांचीही अशीच कथा आहे. अनुवादित आज्ञावलीत प्रत्येक आज्ञेगणिक मूळ लेखनातील ओळ नोंदविलेली असते. ५.३ आवृत्तीपर्यंत ही नोंद आज्ञेइतकीच, म्हणजे बहुधा ४ बाइटांची असे; म्हणजे आज्ञा जितकी जागा घेत, तितकीच जागा त्यांचे पत्ते घेत. ५.४ मध्ये मागील आज्ञेपासूनचा फरक तेवढा एका बाइटात ठेवून, मधूनमधून पूर्ण क्रमांक नोंदविण्याची युक्ती आली. लहान यंत्रांवर जागा वाचविण्यासाठी ही सर्व माहिती छाटून टाकण्याची सोयही अनुवादकात आहे. मग त्रुटीच्या निरोपात फाइलीच्या नावाऐवजी प्रश्नचिन्ह येते, स्थानिक चलांची नावे लोपतात. छाटलेली आज्ञावली ग्राहकाकडे पाठवून तिची न छाटलेली प्रत स्वतःजवळ न ठेवणारा यजमान नंतर कोणत्या आधारावर तक्रार सोडविणार, हे समजणे कठीण आहे.

परंतु या साऱ्या कौशल्याने त्रुटीची जागा कळते, दोषाची नव्हे. लुआमध्ये न मांडलेले चल किंवा नसलेला घटक वाचला असता त्रुटी होत नाही, नील मिळते. नावात एका अक्षराची चूक झाली तर नील निमूटपणे जन्मते, फंक्शनांतून हिंडते, कोष्टकांत साठविले जाते, आणि कोणीतरी त्याच्याशी बेरीज करू जातो तेव्हा प्रथम आवाज होतो. तोवर ज्या फंक्शनने ते जन्माला घातले ते संपून गेलेले असते. स्टॅक कितीही काळजीपूर्वक जपला तरी त्यावर ते नाव सापडावयाचे नाही. उपाय एकच : नीलला जन्मतःच अडविणे. जागतिक चलांच्या कोष्टकाला मेटाकोष्टक जोडून, न मांडलेले नाव वाचताच अगर फंक्शनाच्या आतून नव्याने लिहिताच त्रुटी उभी करावी, अशी रीत लुआच्या वापरकर्त्यांत जुनी आहे. ‘एरर’ या फंक्शनला दिला जाणारा स्तरांकही याच हेतूने आहे. तो १ असेल तर निरोपात त्रुटी उभी करणाऱ्याची ओळ येते. २ दिला तर त्याला बोलाविणाऱ्याची. ग्रंथालयातील फंक्शनला कोणी चुकीचे मूल्य दिले, तर अपराध ग्रंथालयाचा नसतो. मग बोट त्याच्याकडे का दाखवावे?

लुआबरोबर तयार डीबगर मिळत नाही. कर्त्यांनी डीबगर बांधण्याची सामग्री मात्र दिली आहे : स्टॅकची पातळी वाचणे, स्थानिक चल वाचणे व बदलणे, आणि हूक. हूक म्हणजे फंक्शनात शिरताना, बाहेर पडताना, नवी ओळ सुरू होताना, किंवा ठरावीक संख्येने आज्ञा पार पडल्यावर आपोआप बोलाविले जाणारे फंक्शन. ओळींच्या हूकवरून थांबे घालणारा डीबगर रचता येतो. परंतु परक्या माणसाची स्क्रिप्ट चालविणारा यजमान ही सामग्री स्क्रिप्टच्या हाती देऊ शकत नाही. दुसऱ्याच्या फंक्शनातील चले वाचणारे साधन हे अन्वेषकाचे साधन आहे तसेच घरफोड्याचेही आहे. विकिपीडियावर म्हणूनच डीबग लायब्ररीतून ट्रेसबॅकपलीकडे फारसे काही मिळत नाही, आणि मराठी विभाग-पाने लिहिणाऱ्याला संपादनखिडकीखालील तपासपाटी व तीवर उमटणाऱ्या स्वतःच्या नोंदी यांवरच काम भागवावे लागते.

आज्ञा मोजणाऱ्या हूकचा उपयोग निराळा. न संपणाऱ्या आवर्तनात अडकलेल्या स्क्रिप्टमध्ये त्रुटी कधीच उभी राहत नाही. ती बाहेरून उभी करावी लागते. रेडिस या मेमरीस्थित विदासंग्रहाचे उदाहरण येथे फार बोलके आहे. रेडिसमध्ये २०१२ च्या २.६ आवृत्तीपासून लुआच्या स्क्रिप्ट चालविता येतात, आणि एक स्क्रिप्ट चालू असताना सेवायंत्र अन्य कोणाचीही आज्ञा पाळीत नाही. म्हणजे एकाची चूक सर्वांना भोवते. यासाठी रेडिस दर १,००,००० आज्ञांनंतर वाजणारा हूक बसविते. मुळात ठरविलेली ५ सेकंदांची मुदत उलटली की इतरांना ‘व्यग्र’ असे उत्तर मिळू लागते, आणि व्यवस्थापकाने स्क्रिप्ट मारण्याची आज्ञा दिल्यास हूक आतमध्ये त्रुटी उभी करतो. पण मारण्यासाठी उभी केलेली त्रुटी ही अखेर त्रुटीच. स्क्रिप्टने आवर्तनाच्या आत पीकॉल लिहिले असेल तर ती त्रुटी पकडली जाते आणि आवर्तन पुन्हा सुखेनैव सुरू होते. रेडिसच्या कर्त्यांनी यावर असा तोडगा काढला की एकदा मारण्याचा निर्णय झाला की हूक प्रत्येक ओळीवर वाजू लागतो. पीकॉलने एक त्रुटी पकडली तरी पुढच्याच ओळीवर, त्या पीकॉलच्या बाहेर, दुसरी उभी असते.

त्रुटी पकडली गेली, यजमान वाचला, म्हणजे सर्व पूर्ववत झाले असे मात्र नाही. पीकॉल स्टॅक उलगडते, विदा नव्हे. एका खात्यातून रक्कम वजा करून दुसऱ्यात जमा करणारी स्क्रिप्ट या दोन लेखनांच्या मधोमध त्रुटीने थांबली, तर रेडिसमध्ये पहिले लेखन तसेच राहते; केलेले लेखन मागे घेण्याची सोय तेथे नाही. याच कारणास्तव, ज्या स्क्रिप्टने एकदा जरी लेखन केले आहे तिला मारण्याची आज्ञा रेडिस चक्क नाकारते, कारण तशी मारल्यास अर्धवट अवस्था उघड्यावर येईल. त्या प्रसंगी व्यवस्थापकापुढे, स्क्रिप्ट आपोआप संपण्याची वाट पाहणे सोडल्यास, एकच मार्ग उरतो : काहीही न जतन करता संपूर्ण सेवायंत्र बंद करणे. म्हणजे मागील जतनानंतर इतर सर्वांनी केलेले कामही बुडते. २०१६ च्या ३.२ आवृत्तीपासून रेडिसबरोबर लुआसाठी डीबगर मिळू लागला, तो नेहमीच्या रीतीने सेवायंत्राची एक जुळी प्रक्रिया निर्माण करून तीत स्क्रिप्ट ओळीओळीने चालवितो आणि तपास संपताच त्या प्रक्रियेतील सर्व बदल टाकून देतो. तेथे थांबे घालता येतात, चले पाहता येतात, अर्ध्या वाटेवर स्क्रिप्ट सोडून देता येते. खऱ्या संग्रहातील एक अक्षरही हलत नाही.